अकरा घरट्यांचं कुंकू

आमचे प्रोफेसर साहेब भले गृहस्थ होते, पण बंदुकीवाचून त्यांना पक्षी दिसत नसे. हैदराबादला त्यांच्या खोलीतल्या कपाटांत शेकडो पक्षी उताणे निजवलेले होते. पोटात कापूस, पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि नर की मादी. पोट उघडून बघितल्याशिवाय नर-मादी सांगणारा माणूस शास्त्रज्ञ नसतो, ज्योतिषी असतो, असं ते मला वरचेवर ऐकवत. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. आणि वेड लागलं ते नेमकं अशा पक्ष्याचं, की ज्याचा सगळा घोळच नर कुठला आणि मादी कुठली हा होता.

त्याला आमच्याकडे पाणमोर म्हणतात. पावसाळ्यात त्याचं रूप बघावं. पंख पांढरेशुभ्र, अंग काळपट, मानेमागे पिवळा पट्टा आणि कोयत्यासारखी वाकलेली लांब शेपटी. पायाची बोटं इतकी लांब की तरंगत्या पानांवरून तो खुशाल चालत जातो, आणि घरटंही तिथेच, पानांवर करतो. नर आणि मादी दोघांचा पेहराव एकच. मादी जराशी थोराड असते म्हणतात, पण शंभर हातांवरून ते सांगणं कठीण. अंड्यांवर बसतो तो नर, मादी नुसती अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते, असं ऐकिवात होतं. आमच्या मुलखात मात्र कुणी दिवसच्या दिवस बसून ते पाहिलेलं नव्हतं. ते मला पाहायचं होतं. साहेबांचं म्हणणं एवढंच, की घरटं शोधा, बसलेला पक्षी पाडा, पोट उघडा, काम झालं. ते स्वतः गणपती झाल्यावर येऊन बंदूक चालवणार होते. तोवर मी घरटी शोधून ठेवायची होती. काम पुरं झालं तर संशोधनाची एक जागा मला मिळणार होती, आणि तिच्यावर तोवर एकही बाई बसलेली नव्हती.

हे सन त्रेचाळीस. आषाढात मी आणि माझे मामा व्यंकटराव जिंतूरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने, चारठाण्याच्या पलीकडे दोन कोसांवर असलेल्या कवठगव्हाणच्या तळ्यावर येऊन पोहोचलो. मामा पूर्णा जंक्शनवर तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून निवृत्त झालेले. विधवा भाचीने एकटीने रानात राहू नये म्हणून ते आले होते. बरोबर रेल्वेचं खिशातलं घड्याळ आणि लांबट कोऱ्या वह्या होत्या. त्यांनीच मला वाढवलं, विसाव्या वर्षी सासरहून परत आणलं आणि शिकवलं. मी पक्ष्यांमागे का लागले हे त्यांना कधीच कळलं नाही, पण वेळा लिहायच्या आहेत म्हटल्यावर ते खूश होते.

तळ्याच्या बांधावर जुन्या देवळाचे कोरीव दगड पडलेले होते आणि एक ओवरी अजून उभी होती. तिथे आम्ही बिऱ्हाड केलं. तळं म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धे शिंगाडे. गावच्या भोई मंडळींनी वेल लावलेले, हिरवी नक्षी पाण्यावर पसरलेली, आणि त्या पानांवर पाणमोर ऐटीत चालत होते. पहिल्याच दिवशी मी सोळा मोजले.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली. पन्नाशीची, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शिंगाड्याचं सगळं काम भोई बायकांचं आणि बायकांमध्ये शब्द कडूबाईचा. तिने बंदुकीबद्दल ऐकलं होतं. माझ्याशी भांडायला ती आली नव्हती, नेम सांगायला आली होती. शिंगाड्याला पहिलं फूल दिसलं की तळ्याला दिवस गेले असं धरतात. पाच सवाष्णी पाण्याची ओटी भरतात. तिथून शिंगाड्यांची पहिली तोड होईपर्यंत तळ्यात रक्त सांडायचं नाही. बंदूक नाही, गळ नाही, जाळंसुद्धा नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत भोई मंडळी स्वतःची मासळीसुद्धा सोडतात आणि पोटाला चिमटा घेतात. फूल चार दिवसांवर आलं होतं, तोड दसऱ्याला. पाणमोराचा सगळा संसार नेमका त्याच्यामध्ये.

मी तिथल्या तिथे शब्द दिला, की या तळ्यावर बंदूक वाजणार नाही. विचार नंतर केला. माझा स्वभावच तसा आहे. मामा रात्री जेवताना म्हणाले की साहेब येऊन बार काढतील तेव्हा हा शब्द कुठे ठेवशील. मी म्हटलं, साहेब यायच्या आत बंदुकीची गरजच उरणार नाही.

गरज उरू द्यायची नाही म्हणजे पक्ष्याला खूण करायची. खूण असली की घरट्यात बसतो तो कोण आणि अंडं घालून जातो तो कोण, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता आलं असतं. पण पक्षी पकडायचा कसा? जाळ्याला बंदी. मग माझ्या ध्यानात आलं की हा पक्षी अंड्यांवर नुसता बसत नाही, दोन्ही पंख अंड्यांच्या खाली घालून ती छातीशी धरतो. खाली पानं ओली असतात म्हणून. म्हणजे घरट्याच्या पानांना रंग लावला तर तो आपोआप पांढऱ्या पंखांना लागणार. पक्ष्याला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

चार उलट्या घागरींवर बांधलेली बाज घेऊन भोई बायका तळ्यात फिरतात. तशी एक मी मागून घेतली. तिच्यावर पालथी पडून हातांनी पाणी ओढत मी घरट्यांपाशी जायला लागले. हळद लावली, ती दुपारपर्यंत धुऊन गेली. गेरू लावला, त्याचा चिखल झाला. नीळ लावली, तर पाण्याला निळी झाक आली आणि पक्षी जसाच्या तसा पांढरा. कोपरं सोलून निघाली, पंधरा दिवस गेले आणि मामांची वही कोरीच राहिली. त्यांनी तिच्यात फक्त माझ्या निघायच्या आणि परतायच्या वेळा लिहिल्या होत्या, तेही मला चिडवायला.

मग एका सकाळी बायनाबाई, म्हणजे कडूबाईची सून, बांधावर आंघोळ करून कुंकू लावत होती. करंड्यातून बोटावर जरासं मेण घेतलं, कपाळावर गोल फिरवलं आणि वर कुंकू दाबलं. ओल्या केसांचं पाणी कपाळावरून ओघळत होतं आणि कुंकू जागचं हलत नव्हतं. मी बघत राहिले. सात वर्षं मीही रोज सकाळी हेच केलं होतं. मेणावरचं कुंकू पाण्याने जात नाही, ते पुसावंच लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि पंधरा दिवस मी हळद आणि गेरू घोळत बसले होते. स्वतःचाच राग आला.

मी मामांना सांगितलं, जिंतूरच्या बाजारातून पावशेर कुंकू आणि अर्धा शेर मेण आणा. मामांनी जोड्यात पाय घातला आणि तिथेच थांबले. दुकानदार ओळखीचा होता. आमच्या घरात कुंकू लावणारं कुणी उरलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं.

"कुणासाठी म्हणून सांगू?" त्यांनी विचारलं.

"पाणमोरासाठी," मी म्हटलं.

मामांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण दोन्ही जिनसा आल्या. मी मेण एरंडेलात मऊ केलं, कुंकू मळलं आणि काठावरच्या चिंचेच्या बाजूच्या घरट्याला, माझ्या वहीतल्या पहिल्या नंबरला, अंड्यांभोवतीच्या पानांवर लेप दिला. जुन्या पितळी भोवऱ्यांसारखी चार अंडी होती, त्यांना धक्का लागू दिला नाही. संध्याकाळी पक्ष्याने पंख झटकले तेव्हा कडा लालसर दिसल्या. दुसऱ्या सकाळी तर त्या लालभडक होत्या, दोन बाजूंना दोन पट्टे. मी ओवरीत येऊन मामांना चहा करून दिला, आणि तो मी क्वचितच करते.

तिसऱ्या दिवशी उजाडता बाज पाण्यात घातली. दुसऱ्या नंबरचं घरटं लाल. तिसरं लाल. मी हातांनी पाणी मारत पार पलीकडे गेले. तळ्यात तेव्हा अकरा घरटी होती आणि अकराही घरट्यांना कुंकू लागलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. एक खूण केलेला पक्षी ओळखायचा म्हणून एवढा जीव आटवला आणि कुणीतरी सगळ्या तळ्याला एकाच रंगात बुडवून ठेवलं होतं. मी ओल्या लुगड्यानिशी तशीच कडूबाईच्या दारात जाऊन उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

कडूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"बाई, राग नका धरू," ती म्हणाली. "तुमी एका घरट्याला कुंकू लावलं. आमी समजलो, वटी भरायलात. पर तुमच्या कपाळाला कुंकू न्हाई. आसल्या हातानं दिवस गेलेल्या तळ्याला कुंकू लागलं, तर समद्या तळ्याचं वंगाळ व्हतंय. म्हून आमी पाच सवाष्णी गेलो आन् बाकीच्या धाला मेण लावून कुंकू लावलं. तुमी लावल्याल्या घरट्याला हात लावला न्हाई. त्येचं काय व्हायचं ते व्हईल."

अकरा वर्षं हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. हैदराबादला शिकलेल्या बायका हळदीकुंकवाचं आमंत्रण शेजारच्या दाराला देऊन माझ्या दारावरून हळूच पुढे जात, एवढंच. मला खूप लागलं. कडूबाईपेक्षा त्या हळूच जाणाऱ्या बायकांचा राग जास्त आला, पण समोर कडूबाई होती. मी परत फिरले आणि ओवरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मामा बराच वेळ वहीत काहीतरी करत होते. मग त्यांनी दुर्बीण मागितली. आयुष्यात प्रथमच. तासाभराने माझ्या शेजारी येऊन बसले.

"नर्मदे, तुला एक गाडी बघायची होती," ते म्हणाले. "बायकांनी अकरा सोडल्यात. बघशील का आता रडशील?"

मी उठले. आणि जसजशी बघत गेले तसतसा माझा रागही वेगळा झाला. घरट्यांना रंग होता तो फक्त पानांना. जो बसेल त्याचे पंख लाल, जो बसणार नाही त्याचे पांढरे. मला एकच जोडपं तपासता आलं असतं. त्या बायकांनी मला न विचारता सगळं तळं तपासायला दिलं होतं. आम्ही पाळ्या लावल्या, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मामांनी वहीत फलाटासारखे रकाने पाडले, घरटं नंबर, कोण आलं, कोण गेलं, किती वाजता. आठ दिवसांत अकरा लाल पक्षी झाले, घरटी अकरा, आणि त्यांच्यात पाच पांढरे पक्षी राहिले. या पाचांपैकी एकही एका मिनिटासाठीसुद्धा अंड्यांवर बसला नाही. ते तळं राखत, एकमेकांशी भांडत, घारीवर धावून जात आणि दुसऱ्यातिसऱ्या घरट्यापाशी हिंडत. बसायचं ते लालांनीच.

मी साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. आठव्या दिवशी जिंतूरच्या टपालातून उत्तर आलं. काम नेटकं आहे, असं लिहिलं होतं. पण यातून एवढंच ठरतं की जोडीतला एकच बसतो. तो एक नर आहे कशावरून? अंडं घालणाराच बसत नसेल कशावरून? तेव्हा मी ठरल्याप्रमाणे येत आहे, गाडी तयार ठेवा, काडतुसं मी आणतो.

त्यांचं चुकलं नव्हतं. हेच मला झोंबलं. पांढऱ्याला अंडं घालताना पाहिल्याशिवाय माझी बाजू अर्धीच होती, आणि सगळ्या घरट्यांची अंडी तर आधीच घालून झालेली होती.

गणपती बसले त्या दिवशी पाऊस लागला तो दोन दिवस थांबलाच नाही. सांडवा धो धो वाहायला लागला, तळं हातभर चढलं आणि सांडव्याच्या ओढीने खालच्या अंगाची तीन घरटी पाण्याखाली गेली. त्यांचे तीन लाल पक्षी पानांवर नुसते उभे होते. मी रडले, आणि तेही चिडून. मामांनी त्या तिन्ही घरट्यांच्या रकान्यात "रद्द" असं लिहिलं.

चौथ्या दिवशी त्यांनीच ते खोडलं. बुडालेल्या घरट्यांचे तिघेही लाल पक्षी नव्या जागी पानं ओढत होते. नवी घरटी. त्यांच्यावर कुंकवाचा ठिपका नव्हता आणि पक्षी मात्र आधीच रंगलेले होते. आता या कोऱ्या घरट्यात जो अंडं घालेल त्याला रंग लागणार नव्हता. लालाने घातलं तर साहेबांचं खरं, पांढऱ्याने घातलं तर माझं. मी पहिल्यांदा धावले ती कडूबाईकडे. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी म्हटलं, या तीन घरट्यांना कुंकू लावू नका, तुमच्या पाया पडते, ती कोरी राहू द्या. तिने कारण विचारलं. मी सांगितलं, कोण आई आणि कोण बाप हे यातून कळणार आहे, आणि ते कळलं तर बंदुकीचं काम उरणार नाही. त्या तिघांना कुणी शिवणार न्हाई, एवढंच ती म्हणाली.

साहेब आले तेव्हा बंदुकीची लांब चामडी पेटी गाडीवानाने बांधावर उतरवली. बायका शिंगाड्याच्या वेलातलं तण काढत होत्या. एकेक बाज थांबली. कडूबाई पाण्यातून चालत बांधावर आली आणि साहेबांकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, शबूद दिलाय तुमी," ती म्हणाली.

मी साहेबांना म्हटलं, मला तीन सकाळी द्या. ते म्हणाले, माझ्यापाशी दोन आहेत. आणि त्यांनी माझ्यादेखत बंदूक जोडली, दोन काडतुसं भरली आणि ओवरीच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पुरावा नाही मिळाला तर तिसऱ्या सकाळी उगाच वेळ जायला नको, इतकंच. मला मात्र त्या रात्री त्या बंदुकीशेजारी जेवण गेलं नाही.

साहेबांचं वजन घागरींनी पेललं नसतं. म्हणून बांधावरच्या कोरीव दगडाआड बैठक घातली, समोर चाळीस हातांवर तिघांतलं सगळ्यात जवळचं घरटं. त्यात आदल्या दिवशीपर्यंत दोन अंडी होती. पहिली सकाळ फुकट गेली. लाल पक्षी बसला, उठला, चरून आला, पुन्हा बसला. पांढरा आला, पण घरट्यापासून वावभर लांबूनच फिरून गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि डबीतून सुपारी काढली.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. सहा वाजून बावन्न मिनिटांनी, मामांच्या घड्याळाप्रमाणे, पांढरा पक्षी वेलांवरून सरळ घरट्याकडे चालत आला. लाल उठला आणि बाजूला झाला. पांढरा घरट्यावर बसला. साहेबांची दुर्बीण हलत नव्हती. नऊ मिनिटांनी पांढरा उठला, एकदा पंख झाडले, आणि दोन्ही पंखांवर रंगाचं नावसुद्धा नव्हतं. तो उडून पार पलीकडच्या काठाला गेला. घरट्यात तीन अंडी होती. लाल पक्षी आला, अंड्यांवर उभा राहिला, लाल पट्ट्यांचे दोन्ही पंख अंड्यांखाली सारले आणि शांतपणे बसला.

साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. मामांकडून वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचत बसले. साठेक पानं असतील. ऊन तापलं तरी ते उठले नाहीत. शेवटच्या नोंदीखाली त्यांनी सही केली, ओवरीत गेले आणि बंदुकीतली दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली.

"लिहा," ते मला म्हणाले. "कातडं नाही म्हणून लोक शिव्या देतील."

"खाईन," मी म्हटलं.

ते हसले. जाताना त्यांनी मामांना विचारलं की पूर्णा जंक्शनला अशी आणखी माणसं आहेत का. मामा ते पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

बसतो तो बाप, हे मी बायकांना सांगितलं तेव्हा तळ्यावर हसण्याचा कल्लोळ झाला. आपण पाच सवाष्णींनी मिळून धा बाप्यांना कुंकू लावलं, असं म्हणत हसता हसता बायनाबाई बाजेवरून पाण्यातच पडली. भोई पुरुषांना ते मुळीच आवडलं नाही. असला पक्षी आपल्या तळ्यात नसावा असं दोघातिघांनी बोलून दाखवलं, आणि त्यांच्या बायकांनी त्यांना लगेच पोरं सांभाळायला बसवलं. हसली नाही ती एकटी कडूबाई. ती काहीतरी मोजत असल्यासारखी तळ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला लाज वाटली असेल, किंवा राग आला असेल. मी विचारलं नाही.

दसऱ्याला पहिली तोड झाली. आमची गाडी दुपारी निघणार होती. मामा ट्रंकेवर बसून वह्यांना दोरी बांधत होते. कडूबाई टोपलीभर शिंगाडे घेऊन आली, ओवरीच्या पायरीवर ठेवले, पण गेली नाही. मग एकदम बोलायला लागली.

"समद्या घरट्यांवर ध्यान ठेवलं व्हतं मी. आमी लावल्याल्या धातली तीन बुडाली. दोन सापानं खाल्ली. ऱ्हायलेल्या पाचात कुठं दोन पिल्लं, कुठं तीन. तुमच्या घरट्यात चार अंडी, चारी पिल्लं. चारी चरायलीत. मोजलं मी."

ती पायरीकडे बघत होती.

"खोटं कशाला बोलू, बाई. त्येचं वंगाळ व्हईल म्हून रोज बघायला जायची मी. कवा नासतंय त्येच बघायची."

त्या क्षणी तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं मला कळेना. नासण्याची वाट बघत ती महिनाभर रोज उन्हात जाऊन मोजत राहिली होती, आणि मोजलेलं आपल्याविरुद्ध निघालं तेव्हा ते सांगायला स्वतः चालत आली होती. आमच्या कॉलेजात असं करणारी दोन माणसंही मला माहीत नव्हती. चारी पिल्लं जगली ती माझ्या हातामुळे, हे शब्द ऐकायला मी अकरा वर्षं भुकेली होते. ते तसेच घ्यावेत आणि गाडीत बसावं, असं फार वाटलं. पण मला ते जमेना. तिने खरं सांगितलं होतं. मग मीही खरंच सांगायला हवं होतं.

"कडूबाई, एका घरट्यावरून काही ठरत नाही," मी म्हटलं. "माझं घरटं सांडव्यापासून लांब होतं, पाण्याची ओढ तिथवर पोचली नाही. तेवढंच असेल. हात कुणाचा, याने काही झालं असं एका घरट्यावरून मला म्हणता येणार नाही. बरं झालं असंही नाही आणि वाईट झालं असंही नाही."

ती विचारात पडली. टोपलीतला एक शिंगाडा उचलून तिने काटे मोडले, सोलला आणि पांढरा गर माझ्या हातावर ठेवला.

"एकावरून ठरत न्हाई?"

"नाही."

"मंग पुढल्या साली अकराच्या अकराला तुमीच लावा," ती म्हणाली. "मी हाय मोजायला."

मी तो शिंगाडा तोंडात टाकला. मामांनी बांधलेली दोरी सोडली, वरची वही काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पुढच्या श्रावणाची नोंद करून ठेवली.